चार नंबरची बॅटरी

मुकुंद मिस्त्रीच्या बॅटऱ्या मरत नाहीत, असं पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत सगळे म्हणायचे. आणि खोटं कशाला बोला, नव्हत्याच मरत. दुसऱ्यांच्या बॅटऱ्या एका उन्हाळ्यात राम म्हणायच्या. मुकुंदच्या सहा-सहा वर्षं चालायच्या, आणि त्या चालतात हे ऐकायला लोक मोहगावहून गाडी काढून यायचे.

काम तसं साधं. संत्र्याचा तोडा झाला की झाडात वाळलेल्या फांद्या उरतात. त्यांना आपल्याकडे सल म्हणतात. ती काढली नाही तर रोग हिरव्या फांदीत उतरतो आणि बघता बघता झाड बसतं. पूर्वी हे आरीनं व्हायचं, हाताला फोड यायचे. आता हातभर लांबीची साखळीवाली मशीन आली आहे, बॅटरीवर चालणारी. मुकुंद आणि त्याचा धाकटा भाऊ वैभव, दोघांनी अशा दोन मशीन घेतल्या होत्या आणि पाच बॅटऱ्या. प्रत्येक बॅटरीवर मुकुंदनं ऑइलपेंटनं नंबर टाकला होता, खाली घेतल्याची तारीख.

बॅटरीच्या बाबतीत हा माणूस म्हणजे निव्वळ छळ होता, बापा. बॅटरीच्या पाठीवर बारकं बटण असतं, दाबलं की चार दिवे लागतात, जितके दिवे तितका जीव. एक दिवा उरला की मशीन बंद, मग फांदी कितीही राहिलेली असो. बॅटरी कामानं किंवा चार्जरवर गरम झाली असेल तर अर्धा तास सावलीत ठेवायची, त्याआधी तिला हात लावायचा नाही. रात्रभर चार्जरवर सोडायची नाही. काम नसेल त्या दिवसांत पूर्ण भरून ठेवायची नाही की पूर्ण रिकामी ठेवायची नाही, दोन दिव्यांवर ठेवायची. आणि ठेवायची कुठं? तर रांजणाजवळच्या कोनाड्यात, ओलसर वाळूवर पाटी, पाटीवर स्टीलचा डबा, डब्यात बॅटऱ्या. मे महिन्यात घरातली माणसं पंख्याखाली भाजून निघायची आणि बॅटऱ्या गारव्याला. त्याची बायको सुधा म्हणायची, "पुढच्या जन्मी मले बॅटरीच कर रे देवा, या घरात तिचेच लाड हायेत."

वैभव या नियमांना हसायचा. पण पाळायचा. मोठ्या भावाचा शब्द त्यानं कधी मोडला नाही, आणि सगळं तिथंच अडलं.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. मोहगावकडं केशवरावांची संत्राबाग, शनिवार, दुपारचे बारा, ऊन बेचाळीसच्या वर. वैभव झाडावर होता. जाड सल होती, मनगटापेक्षा जास्त. अर्धी कापून झाली आणि मशीन बसली. वरून त्यानं आवाज दिला, "दादा, चार नंबर दे." चार नंबर नुकतीच मोटारीच्या खोलीतून भरून आणली होती, मुकुंदच्या हातातच होती, आणि गरम होती. मुकुंद म्हणाला, "गरम हाय. अर्धा तास थांब." वैभव म्हणाला, "दादा, फांदी अर्धी लटकली हाय गा." मुकुंद म्हणाला, "मंग हातानं मोड."

त्यानं हातानं मोडली. फांदी सुटली, आणि वैभव तिच्यासोबत खाली आला. खाली पाण्याच्या पाटाचा सिमेंटचा काठ होता.

केशवराव धावत आले तेव्हा वैभवचं डोकं मुकुंदच्या मांडीवर होतं. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. आणि मुकुंदच्या तोंडून निघून गेलं, "घाई केली जी त्यानं. बॅटरी बदलाले थांबला नाही, हातानंच मोडाले गेला." एकदा निघालं ते निघालं. दवाखान्यात तेच, घरी तेच, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांपुढं तेच. त्याची आई केसरबाई तर ते वाक्य जपासारखं म्हणू लागली, "धसमुसळ्या होता माझा वैभव. जरासक थांबला असता तं आज असता."

जरासा थांबला असता! हे ऐकताना मुकुंदच्या तोंडात भाकरीचा घास फिरत राहायचा.

बॅटऱ्यांचं म्हणाल तर चार नंबर त्यानं त्या दिवसापासून वापरली नाही. फेकवली मात्र नाही. त्याच्या हातून ते होईना. नियमाप्रमाणे दोन दिव्यांवर आणली आणि डब्यात तळाशी ठेवली.

वैभवचा महिना झाला आणि त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मुकुंद डबा उघडून बसला. दर शनिवारी सगळ्या बॅटऱ्या तपासायची त्याची सवयच होती. एक, दोन, तीन, पाच बघितल्या. मग चार नंबर उचलली आणि बटण दाबलं.

चार दिवे लागले.

त्याला वाटलं आपलंच चुकलं असेल. टॉर्चला जोडून त्यानं ती दोन दिव्यांवर उतरवली आणि परत ठेवली. पुढच्या शनिवारी परत चार. त्याच्या पुढच्या शनिवारीही चार. "तू भरतं का वं हे?" त्यानं सुधाला विचारलं. सुधा कणीक मळत होती. "मले तुमच्या डब्याले हात लावाची परवानगी हाय का?" ती म्हणाली आणि तेवढ्यावर विषय संपला. केसरबाईला तर प्लग कुठल्या बाजूनं घालतात हेही ठाऊक नव्हतं. आणि तृप्तीला विचारायचा प्रश्नच नव्हता.

तृप्ती म्हणजे वैभवची बायको, लहानग्या धनश्रीची आई. आता शहरात राहणाऱ्यांना हे पटणार नाही, पण आपल्याकडच्या जुन्या घरांमध्ये धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. मुकुंद तिचा भासरा. लग्न होऊन आठ वर्षं झाली, दोघं एका छपराखाली राहिली, आणि एक शब्द थेट बोलली नव्हती. तो समोर बसलेला असला तरी ती सुधाला म्हणायची, "ताई, भाऊजीले म्हणा, चहा थंडा होऊन राहिला." तो सुधालाच म्हणायचा, "पेतो म्हणा." घरात शिरण्याआधी तो अंगणात खाकरायचा, म्हणजे ती पदर घेऊन आत जायची. वैभव गेल्यावरही हे चाललंच. उलट जास्तच. तिच्या खोलीच्या दारावरून जाताना मुकुंद मान खाली घालून जायचा, आणि त्याला वाटायचं, बरं झालं बापा ही रीत आहे. या बाईच्या डोळ्यांत बघायची वेळ आपल्यावर येत नाही.

दिवस जात राहिले आणि चार नंबर भरत राहिली. पावसाळ्यात त्यानं चार्जर लोखंडी पेटीत टाकला, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. शनिवारी बटण दाबलं. चार दिवे.

तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं. हा माणूस तसा भुताखेतांवर हसणारा. पण तुम्हीच सांगा, चार्जर पेटीत, किल्ली कमरेला, आणि बॅटरी भरलेली! कोण भरतं? ज्यानं मागितली तोच भरत असेल, दुसरं कोण? दुपारी जेवून पडला की त्याला मशीनची घरघर ऐकू यायची, अर्ध्यात बंद पडणारी. मग वरून आवाज, "दादा, चार नंबर दे." तो उठून बसायचा. बागेत कामाला गेला तरी झाडाकडं बघून बोलायचा नाही. त्यानं झाडावर चढणं सोडलं, मजूर चढवायचा. आणि खोटं वाटेल, पण ज्या मजुरानं बॅटरी मागितली त्याच्या हातात तो ती अशी कोंबायचा की तो बिचारा घाबरायचा.

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी तो जामसांवलीला मारुतीच्या देवळात गेला. पिशवीत, दोन दिव्यांवर उतरवून टॉवेलात गुंडाळलेली चार नंबर होती. तिथं असल्या पीडा घेऊन कितीतरी लोक येतात, कोणी घुमतं, कोणी ओरडतं, कोणाचे नातेवाईक हात धरून बसलेले असतात. मुकुंद त्यांच्यात पिशवी मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोणाले आणलं भाऊ?" यानं पिशवी जवळ ओढली. मारुतीचं तीर्थ ओंजळीत घेतलं. बॅटरीवर शिंपडावं म्हणून आला होता तो. टॉवेल सोडला, ओंजळ वर नेली, आणि हात थांबला. पाणी आत गेलं तर? पट्ट्या गंजतील, शॉर्ट होईल. त्यानं तीर्थ स्वतः पिऊन टाकलं आणि बॅटरी परत गुंडाळली. बसमध्ये बसल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी दोनच दिवे होते. त्याला हायसं वाटलं. मारुतीराया पावला म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज डबा उघडला तर चार.

असं करता करता वर्ष झालं. परत एप्रिल आला, परत सल काढायचे दिवस. सौंसरला रोहित नावाच्या तरुणाचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. त्यानं मुकुंदला बोलावलं. "काका, पंधरा-वीस जण जमवतो. बॅटरी कशी टिकवता तेवढं सांगा. लोकं वर्षात फेकून राहिले." मुकुंद नको म्हणाला, पण सुधानं रेटलं. म्हणाली, जरा माणसात जा, तोंड पाहा आपलं आरशात, भूत झालं तुमचं.

दुकानासमोर मंडप टाकून खुर्च्या मांडल्या होत्या. मुकुंद उभा राहिला आणि बोलायला लागला तसा त्याला जुना मुकुंद जरा सापडला. एक दिवा उरला की थांबा. टिनाच्या शेडात बॅटरी ठेवू नका, गाडीच्या डिक्कीत तर बिलकुल नको. बॅटरी फुगली, वास आला, की तिचा मोह सोडा, चार्जरला लावू नका. गरम असताना धीर धरा, अर्ध्या तासानं तुमचं काही बिघडत नाही. लोक माना डोलवत होते. एकानं मोबाईलवर सगळं टिपून घेतलं.

मागच्या खुर्चीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी हात वर केला. "मिस्त्री, एक सांगा. माणूस झाडावर हाय, फांदी अर्धी कापली हाय, आन बॅटरी बसली. खाली दुसरी हाय, पण गरम हाय. तवा काय कराचं?"

कुठल्याही वाईट हेतूनं विचारलं नव्हतं त्यांनी. त्यांना वैभवचं नावही माहीत नसावं. मुकुंदनं माईक दुसऱ्या हातात घेतला. "तवा…" तो म्हणाला. "तवा देऊन टाकाची." 

"पण खराब होईल ना जी?"

"एका वेळेनं काही होत नाई," मुकुंद म्हणाला. "काहीच होत नाई."

हे त्याला वर्षभर ठाऊक होतं, त्या दुपारीही ठाऊक होतं. आज पहिल्यांदा ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. त्यानं माईक खुर्चीवर ठेवला आणि रोहित "काका, काका, चहा" करत राहिला तरी तो स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीत बसला.

घरी पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. सुधा बाजारात गेली होती, केसरबाई मागच्या अंगणात. मुकुंद आपल्याच तंद्रीत पायऱ्या चढला आणि खाकरायला विसरला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

तृप्तीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती जमिनीवर बसली होती, पदर खांद्यावर, केस मोकळे. समोर चार्जर होता. मुकुंदचा नव्हे, वैभवनं वेगळा घेतलेला, जो तिच्या पेटीत असेल हे मुकुंदच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यावर चार नंबर बसवलेली, आणि चार्जरचा लाल दिवा लागलेला.

मुकुंदनं चौकट धरली. भूत नव्हतं. पण जीव काही भांड्यात पडला नाही.

तृप्तीनं वर पाहिलं. आता ती पदर ओढून भिंतीकडं वळेल, असं त्याला वाटलं. ती वळली नाही. सुधा घरात नव्हती, कोणाच्या तोंडून बोलायची सोय नव्हती.

"दोनच दिवे ठेवता तुम्ही," तृप्ती म्हणाली. "पुरत नाई त्यायले."

तिचा आवाज त्यानं दारापलीकडून हजारदा ऐकला होता. थेट त्याच्याशी बोललेला कधीच ऐकला नव्हता.

"कायले भरून राहिली, तृप्ती?"

"त्यायनं मागतली होती."

"कोणं सांगतलं तुले?"

"कोणी नाई सांगतलं. फोन चालू होता." ती अजिबात रडत नव्हती. "धनश्रीसाठी खरबूज आणा म्हणून मी फोन केला होता. ते म्हणाले, थांब, दादाले बॅटरी मागतो. फोन तसाच खिशात टाकला. चार नंबर दे म्हणाले. तुम्ही म्हणाले, गरम हाय, अर्धा तास थांब. ते म्हणाले, फांदी अर्धी लटकली. तुम्ही म्हणाले, हातानं मोड. मंग फांदीचा आवाज आला. मंग तुमचा."

खोलीत चार्जरचा बारीक पंखा तेवढा फिरत होता.

"वर्षभर…" मुकुंद म्हणाला. "वर्षभर तुले माहीत होतं?"

"बोलू कोणाजवळ? तुमच्यासंग मले बोलता येत नाई. ताईजवळ बोलली असती तं तुमचा संसार मोडला असता. म्हून भरून ठेवत होती. वाटे, आज विचारतीन, उद्या विचारतीन, कोण भरते म्हणून दारात येऊन उभे राहतीन. तुम्ही जामसांवलीले गेले."

मुकुंद दारातच खाली बसला. त्याला तिचे पाय धरायचे होते, पण भासऱ्यानं ते कसं करावं तेही त्याला कळेना. "तू म्हणशीन ते करतो," तो म्हणाला. "घर सोडून जा म्हण, जातो."

"मले तुमचं घर कायले पाहिजे?" आता तिचा आवाज चढला. "परवा धनश्री शाळेतून आली. बाईनं विचारलं म्हणे, बाबा कसे वारले. पोरगी काय बोलली माहीत हाय? माह्या बाबानं घाई केली म्हणून पडले. सहा वर्षांची पोर! आई येणाऱ्या-जाणाऱ्याले तेच सांगतात, पोरगी तेच ऐकून राहिली. तो माणूस तुमचा एक शब्द मोडत नव्हता भाऊजी, अन् मेल्यावर त्याले तुम्ही धसमुसळ्या केलं."

"सांगतो," मुकुंद म्हणाला. "आईले सांगतो मी. सुधा येऊ दे, मंग निवांत…"

"आता," तृप्ती म्हणाली. "मी संग येतो."

ती उठली. पदर न घेताच त्याच्या बाजूनं बाहेर पडली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मुकुंद तिच्यामागं गेला.

मागच्या अंगणात केसरबाई सुपात तूर पाखडत होती. शेजारची यमुनाकाकू कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. धनश्री लिंबाच्या सावलीत वहीत काहीतरी रंगवत होती. मुकुंद आईसमोर उकिडवा बसला.

"आई, वैभवनं घाई नव्हती केली."

केसरबाईचे कान गेल्या हिवाळ्यापासून फार अधू झाले होते. तिनं सूप थांबवलं. "काय म्हणतं?"

"वैभवनं घाई नव्हती केली!" मुकुंद मोठ्यानं म्हणाला. यमुनाकाकूचा हात दोरीवर थांबला. धनश्रीनं मान वर केली. "त्यानं मले बॅटरी मागतली होती, आई. दोनदा बोलला तो. माह्या हातात होती. मी नाई देल्ली. मीच म्हटलं, हातानं मोड."

केसरबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. सुपातली तूर एका बाजूनं सांडत होती, तिचं लक्ष नव्हतं. मागं सुधा बाजाराची पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, तेही मुकुंदला कळलं नाही.

"तुह्या हातात होती," केसरबाई म्हणाली. "मंग काहून नाई देल्ली रे?"

मुकुंदनं मान खाली घातली. उत्तर एकच होतं, आणि ते त्याला कसंबसं म्हणता आलं.

"काय?" केसरबाईनं कानामागं हात नेला. "मोठ्यानं बोल. ऐकू नाई आलं."

मग तो मोठ्यानं बोलला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"बॅटरी खराब झाली असती, आई."